बाईसाहेबांचं उसनं हसू

दिवेवाल्याने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका थोर घराण्यातल्या बाईच्या गालाला थुंकी लावत होती.

यात त्याचा काही दोष नाही. संग्रहालयाच्या नव्या दालनात दिवे बसवायला आलेला माणूस तो. खांद्यावर वायरींचं वेटोळं, बगलेत शिडी, आणि डोक्यात भोकं कुठे पाडायची याचा हिशेब, अशा अवस्थेत तो वरच्या मजल्यावर चुकीच्या दारातून आत शिरला. समोर उंच खिडकी होती. खिडकीपाशी घडवंचीवर तिरकं टेकवलेलं माणसाएवढं तैलचित्र होतं. आणि चित्रासमोर, स्टुलावर, पांढऱ्या डगल्यातली एक मुलगी. तिने बारीक काडीला कापूस गुंडाळला, तो तोंडात घातला, जिभेवर हलकेच फिरवला, आणि चित्रातल्या बाईच्या गालावर गोल गोल घासू लागली. कापूस काळा झाला. तिने काडी टाकली, दुसरी घेतली, पुन्हा तोंडात...

काडी ओठांशी गेली की तिचे डोळे अर्धे मिटत, आणि कपाळावरची एक बट सुटून खाली येई, हे त्याने पाहिलं होतं. पण ते त्याने फार उशिरा कबूल केलं. त्या क्षणी त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच—

“अहो, तुम्ही... थुंकी लावताय?”

ती वळली.

इथे तिच्या रागाबद्दल सांगायला हवं. जुनी चित्रं दुरुस्त करणारी एवढी एकच बाई त्या इमारतीत होती, म्हणून तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत. पाठीमागे म्हणत ‘फणकारा’. ती वर चिडली की तळमजल्यावर काचेच्या कपाटातल्या तलवारी आपण होऊन म्यानात जातात, असं पहारेकरी शपथेवर सांगायचा. तिथल्या एकाही तलवारीला म्यान नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

“मग काय लावू? अत्तर?” ती म्हणाली.

“नाही, पण साबणाचं पाणी वगैरे...”

“साबण तुमच्या शिडीला लावा. आणि जाताना दार लावून घ्या.”

तो मागच्या मागे सरकला. शिडी दाराला आपटली, मग पुन्हा आपटली. जिन्यावर पोचेपर्यंत तो हादरलेला होता, आणि हादरलेला सज्जन माणूस जे करतो तेच त्याने केलं. खाली जाऊन संचालकसाहेबांना सांगितलं, की वर एक बाई चित्रावर थुंकतेय.

संचालकसाहेब नुकतेच पाणीपुरवठा खात्यातून बदलून आले होते. कुठेही काहीही गळलं, की तिथे एक सूचना लावायची, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. दुसऱ्या दिवशी फणकारा आपल्या खोलीत आली तर भिंतीवर, चित्राच्या बरोबर वर, चार स्क्रूंनी पक्का ठोकलेला पत्र्याचा बोर्ड. लाल अक्षरं. ‘येथे थुंकू नये. हुकमावरून.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तकासकट ती संचालकांच्या खोलीत.

“साहेब, शतकभराची काजळी आहे त्या बाईच्या तोंडावर. थुंकी कोमट असते, सौम्य असते, काजळी सोडवते आणि रंगाला धक्का लावत नाही. जगभर चित्रांचे डॉक्टर हेच करतात. मी काही पचापचा थुंकत नाही.”

“जगाचं मला सांगू नका. उद्या कुणी फोटो काढला तर?”

“मग कापूस दिसेल फोटोत. बोर्ड काढा.”

“बोर्ड आता रीतसर लागलाय. लागलेला बोर्ड काढायचा म्हणजे तो चुकून लागला होता असं होतं.” साहेबांनी चष्मा पुसला. “तुम्ही तुमचं काम चालू ठेवा ना. बोर्डाकडे पाठ करून. आणि जरा हसत चला हो मॅडम. तुमचं वय काय, तोंड काय...”

हे ‘जरा हसा’ तिला नवीन नव्हतं. पहारेकरी रोज सकाळी म्हणायचा. तिकीटवाली म्हणायची. घरी मावशी तर तिला लहानपणापासून सांभाळताना घासागणिक म्हणत आली होती. जणू तिचं तोंड म्हणजे कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम.

दुपारी दिवेवाला आला. या वेळी शिडी बाहेर ठेवून. हातात चहाचा कप.

“माफी मागायला आलोय.”

“मागा.”

“मागितली की.”

“मागायला आलोय म्हणालात. मागितली कुठे?”

“माफ करा,” तो म्हणाला. “चहा घ्या.”

“चालणार नाही. तोंड कामात आहे.”

“म्हणजे?”

“चहा, कॉफी, तिखट, गोड, काही चालत नाही. सकाळी चूळ भरली की काम संपेपर्यंत नुसतं पाणी. चहाचं तोंड बाईसाहेबांना लावू?”

संग्रहालयात त्या चित्रातल्या बाईला सगळे बाईसाहेब म्हणत. कुण्या काळच्या, कुण्या बड्या घरच्या. काजळी आणि पिवळ्या वार्निशाच्या खालून त्या मंद, गोड हसत होत्या. नव्या दालनाचा खर्च त्यांच्या वंशजाने दिला होता, तो एकाच अटीवर. दालन उघडेल तेव्हा समोर बाईसाहेब हव्यात, स्वच्छ आणि हसऱ्या.

दिवेवाल्याने कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. “मी घरी करून पाहिलं,” तो म्हणाला. “आजोबांच्या फोटोच्या काचेवर. कापूस, थुंकी, सगळं तुमच्यासारखं. मिशी लख्ख निघाली.”

“मग?”

“आई म्हणाली, पुन्हा आजोबांवर थुंकलास तर जेवायला बाहेर बस.”

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने तो ताबडतोब जागेवर आणला आणि वाट पाहिली. आता हा म्हणणार, बघा, हसल्यावर किती छान दिसता. सगळे म्हणतात.

तो तसलं काही म्हणाला नाही. चित्राकडे वळून म्हणाला, “हिच्यावर उजेड कुठून टाकू?”

तिथून त्यांचं भांडण सुरू झालं, आणि ते इतकं छान जमलं की रोजच होऊ लागलं. त्याला दालन झगमगीत हवं होतं, तिला मिणमिणतं.

“दिव्याने रंग मरतात,” ती म्हणायची. “हळूहळू. तुमच्या लक्षातही येत नाही.”

“पण अंधारात ठेवलं तर बघणार कोण?”

“तुम्ही सगळ्या गोष्टींवर असे दिवे मारता का?”

“सगळ्यांवर नाही,” तो म्हणायचा आणि शिडीवर चढायचा. वर गेल्यावर त्याचे कान लाल दिसायचे. दिवा गरम असतो, त्यामुळे असेल.

चहा मात्र रोज यायचा. कठड्यावर राहायचा, निवायचा, शेवटी तोच पिऊन टाकायचा. एकदा तिने विचारलं, “मी पीत नाही हे माहीत आहे, मग आणता कशाला?”

“वाफ बघायला,” तो म्हणाला. “तुमच्या खिडकीच्या उजेडात वाफ फार छान दिसते.”

एव्हाना काजळी गेली होती. पिवळं वार्निशही द्रावणाने अलगद निघालं होतं. आणि मग एका सकाळी, बाईसाहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यावर सौम्यातलं सौम्य द्रावण फिरवताना, तिच्या कापसावर गुलाबी रंग आला.

तिचा हात जागच्या जागी थांबला. एवढा जुना तैलरंग दगडासारखा घट्ट होतो. तो असा कापसावर येत नाही.

ती जिन्यापाशी गेली आणि खाली ओरडली, “दिवेवाले. वर या. दिवा घेऊन.”

तो धावत आला. तिने खिडकीचा जाड पडदा ओढला. खोलीत अंधार झाला.

“समोरून नको. चौकटीला चिकटवून धरा, अगदी बाजूने. उजेड चित्रावर पडायला नको, घासून जायला हवा.”

“असा?”

“अजून खाली... हं. हलू नका.”

तो हलला नाही. ती त्याच्या हाताखालून वाकून बघत होती, तिची ती सुटलेली बट त्याच्या मनगटावर, आणि दिवा जरासा थरथरला. कुणाच्या श्वासाने, ते सांगता येत नाही.

तिरक्या उजेडात बाईसाहेबांचा चेहरा आटलेल्या तळ्यासारखा दिसत होता. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर बारीक भेगांचं जाळं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांवर मात्र भेगा दिसत नव्हत्या. तिथे रंग भेगांवरून वाहून त्यांच्या आत बसला होता, भिंतीच्या तड्यात लांबी भरावी तसा.

“बघा,” ती हळू म्हणाली. “भेगा पडायला कितीतरी वर्षं लागतात. त्या पडल्या तेव्हा हे हसू इथे नव्हतं.”

“म्हणजे कुणीतरी नंतर रंगवलं?”

“बाई गेल्यावर केव्हातरी. कुणाला तरी त्यांचं तोंड पसंत पडलं नाही.”

तिने काडी घेतली. घासून नाही, नुसतं टेकवून, उचलून, टेकवून, उचलून, ओठांच्या एका कोपऱ्यावरचा गुलाबी रंग काढला. खालून वेगळंच तोंड आलं. घट्ट मिटलेला ओठ. खाली वळलेला कोपरा. बाईसाहेब चिडलेल्या होत्या. साधंसुधं नाही, चित्रकार रंग कालवत बसलेला असताना, घरातली सगळी माणसं मागे उभी असताना, मुकाट बसून चिडल्या होत्या. आणि त्या चित्रकाराने, धन्य त्याची, ते तसंच उतरवलं होतं.

दिवेवाला चित्राकडे बघत होता. मग तिच्याकडे. मग पुन्हा चित्राकडे.

“काय बघताय?”

“काही नाही,” तो म्हणाला. “ओळखीचं वाटलं. मला तर... आवडलं.”

पडदा उघडायला ती बराच वेळ विसरली.

संचालकसाहेबांनी चित्र पाहिलं आणि खुर्ची शोधली. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं त्यांच्याकडे रोखून बघत होतं.

“हे काय करून ठेवलंत?”

“मी काही केलं नाही. कुणीतरी केलेलं काढलं.”

“परत घाला. वंशजसाहेब सपत्नीक उद्या येतायत.”

“मी खोटं हसू रंगवणार नाही.”

“मग नका रंगवू. सिनेमाच्या जाहिराती रंगवणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. सांगितलं तर दातसुद्धा काढून देईल. आणि तुम्हाला दुसरीकडे कुठे काम मिळतं का, तेही बघा.”

नोकरीचं तिला तितकं वाटलं नाही. पण वार्निश काढलेला, उघडा पडलेला तो चेहरा... त्या माणसाचा रंग एकदा भेगांत उतरला की जन्मात कुणाला काढता येणार नव्हता. बाईसाहेब कायमच्या हसत राहिल्या असत्या.

त्या संध्याकाळी घरी मावशी शिवणयंत्रावर बसली होती आणि टेबलावर फणकाऱ्याचा फोटो होता. स्थळांना पाठवायला मावशीने स्टुडिओतून आणलेला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. फोटोतली मुलगी मंद, गोड हसत होती.

“मी हसले नव्हते.”

“अगं, ओठ जरासे वर केलेत फक्त,” मावशी शिवता शिवता म्हणाली. “स्टुडिओवाल्याने आपण होऊन केलं, पैसेही जास्त घेतले नाहीत. म्हणाला, मुलगी चांगली आहे, तोंडाचंच तेवढं...”

“कुणाला विचारून?”

“विचारायचं काय त्यात? जरा बरी दिसतेस.”

“मावशी, ही मी नाही. ज्याला ही पसंत पडेल त्याच्या घरी हिलाच पाठव. मी येणार नाही.”

मावशीने यंत्र थांबवलं. भाचीचं तोंड नीट पाहिलं, आणि फोटो उचलून कापडाच्या चिंध्यांखाली सारला. “बरं बाई,” ती पुटपुटली, “तुझी आईही अशीच बघायची.”

दुसऱ्या दिवशी चित्र खाली नव्या दालनात आणून ठेवलं होतं. वंशजसाहेब आले. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. मागोमाग त्यांच्या बाई, हातात पर्स, तोंडावर हसू. संचालकांनी दिवेवाल्याला बाजूला घेतलं. “सगळे दिवे समोरून मार. भगभगीत. सगळं सपाट दिसू दे. अर्ध्या हसण्यावर वेळ मारून नेऊ, उरलेलं रंगारी बघेल.”

दिवेवाला मान हलवून शिडीवर चढला. फणकारा चित्रापाशी उभी होती. तिने वर पाहिलं. त्याने मान खाली घातली. हाही...

आणि दालनातले सगळे दिवे गेले.

“अरे, हे काय?” अंधारात संचालकसाहेब.

“साहेब, दिवा माझा आहे,” शिडीवरून आवाज आला. “कुठून लावायचा ते मी बघतो.”

एकच दिवा लागला. खाली, बाजूला, चित्राला घासून. अंधारात बाईसाहेबांचा चेहरा भेगाभेगांनी उठून आला, आणि ओठाच्या कोपऱ्यावर उरलेलं अर्धं हसू जखमेवर डकवलेल्या चिकटपट्टीसारखं दिसू लागलं.

फणकाऱ्याने सगळं समजावून सांगितलं. भेगा आधीच्या, हसू नंतरचं. तिचा आवाज संतापाने कापत होता, पण शब्द एकही सांडला नाही. “रंगवायचंच असेल तर खाली पाटी लावा,” ती शेवटी म्हणाली, “की हे तोंड बाईंचं आहे आणि हसू आमचं.”

वंशजसाहेब खाकरले. “हे बघा, आमच्या घराण्यात बायका कायम हसतमुख. आमची हीच बघा ना. लग्न झाल्यापासून एकदा कपाळाला आठी नाही. काय गं?”

सगळ्यांनी त्यांच्या बाईंकडे पाहिलं.

त्या चित्राजवळ गेल्या होत्या. पर्स छातीशी धरून, अगदी नाक टेकेल इतक्या जवळ, त्या मिटलेल्या ओठाकडे बघत होत्या. बघता बघता त्यांच्या तोंडावरचं हसू विरून गेलं. कुणीही काही लावलं नाही, पुसलं नाही, आपण होऊन गेलं.

“काढा,” त्या म्हणाल्या.

“काय काढा?” वंशजसाहेब म्हणाले.

“ते हसू. उरलंय तेवढंही काढा. तिला कसं बघायचंय तसं बघू दे.”

“अगं, पण लोक काय—”

“तुम्ही गप्प बसा हो जरा,” त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्या घराण्याच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच, वंशजसाहेब गप्प बसले.

दालन उघडलं. बाईसाहेब मधोमध, मंद उजेडात, फणकाऱ्याला हवा होता तितक्याच. पहारेकऱ्याच्या सांगण्याप्रमाणे पहिल्याच आठवड्यात तीन नवरे त्या नजरेसमोरून तडक घरी गेले आणि भांडी घासायला बसले. संचालकसाहेब आता पाहुण्यांना सांगत, की मूळ चेहरा शोधून काढायचा हा आपला पहिल्यापासूनचा आग्रह. हे ऐकून तिचं डोकं फिरायचं, पण तेवढं चालायचंच.

न चालण्यासारखं वेगळंच होतं. दिवेवाल्याचं काम संपलं होतं.

तो वर आला तेव्हा खोली रिकामी वाटत होती. घडवंची मोकळी. त्याच्या खांद्यावर वायरींचं वेटोळं, हातात चहा, गालावर छताच्या पोटमाळ्यातला काळा ओघळ. त्याने कप नेहमीच्या जागी ठेवला.

“उद्या सकाळच्या गाडीने निघतो. दुसऱ्या गावात एक नाट्यगृह आहे, तिथले दिवे...”

“बरं.”

“म्हणून म्हटलं, भेटून...”

“भेटलात. निघा.”

तो थांबला. “चिडलात?”

“नाही. मला आनंद झालाय. दिसत नाही?” तिने कप उचलला आणि एका दमात अर्धा चहा प्यायली. काम संपलं होतं, तोंड मोकळं होतं. “केवढी साखर घातलीय यात. इतके दिवस हे असलं आणत होतात? आणि आणत होतात तर आता थांबायचं कुणी सांगितलं? माणसाने एकदा रोज यायला लागायचं, आणि मग एक दिवस गाडीने जायचं, ही कुठली रीत? मला तुमचा इतका राग आलाय, इतका... या जगात मला कुणाचा इतका राग कधीच आला नाही.”

तो बघत होता. एखादा माणूस आपल्या घराचा दिवा लांबून दिसल्यावर बघतो तसा.

“माझाही तेवढाच आलाय तुमच्यावर,” तो हळू म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. तुम्ही दार लावून घ्या म्हणालात ना, तेव्हापासून.”

तिने काडी घेतली. कापूस गुंडाळला. मग तो तोंडात घातला, डोळे अर्धे मिटून जिभेवर हलकेच फिरवला, आणि त्याच्या गालावरच्या काळ्या ओघळावर टेकवला. त्यांच्या डोक्यावर पत्र्याचा बोर्ड लाल अक्षरांत हुकूम सोडत होता.

“चहाच्या तोंडाने चालत नाही ना?” त्याने विचारलं.

“जुन्या वस्तूंना. तुम्ही कुठे ऐतिहासिक आहात?”

“किती वेळ लागेल?”

तिने कापूस पाहिला. काळा झाला होता. तिने दुसरी काडी घेतली.

“काजळी फार आत गेलीय. एका दिवसात होणारं काम नाही. उद्याची गाडी राहू दे.” मग ती फणकारली, “आणि हसू नकोस. गाल हलतो.”